एक विद्यार्थिनी, चार मुख्याध्यापक

मुलाला घरीच शिकवायचं असं एकदा ठरलं, की सगळ्यात आधी मुलाला खेळायला बाहेर पाठवतात. कारण आत अभ्यासक्रम निवडायचा असतो आणि त्यात मुलाचं काही काम नसतं.

आमच्या सहा वर्षांच्या नातीच्या बाबतीत हे काम चौघांनी अंगावर घेतलं. चिरंजीव, सूनबाई, आमच्या सौ. आणि मी. चिरंजीव आणि सूनबाई पुण्याच्या कंपन्यांची नोकरी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरातून करतात. नोकरी घरून होते तर शाळा का नाही, हा त्यांचा सवाल. घरून नोकरी कशी होते हे मी रोज बघत असल्यामुळे मला जरा धास्ती वाटली. पण निवृत्त माणसानं धास्ती मनात ठेवावी आणि दळण आणायला जावं.

तरी मी पडलो बँकेतला. कुठलीही गोष्ट म्हटली की आधी कागद विचारणार. तर २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क देतो. घरी शिकणाऱ्या मुलाला कुठल्या रकान्यात लिहायचं हे त्यात नाही. मात्र पुढं दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी-आठवीच्या पातळीच्याही परीक्षा घेतं. चिरंजिवांनी हे समजावून सांगितल्यावर सौ. एवढंच म्हणाल्या, "१७ नंबर? तो नापास पोरांचा असतो की."

गल्लीतही सर्वसाधारण मत हेच पडलं. समोरच्या अण्णांनी मला फाटकातच गाठलं. "पोरीला शाळेतून काढलाव म्हणं? काय केलं ओ तिनं?"

सूनबाईंनी यावर इतिहास काढला. घरी शिकवणं आपल्याकडे नवीन नाही, न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना घरीच शिकवलं, असं त्यांनी सुनावलं. खरंच आहे. फक्त त्याच रमाबाईंच्या आठवणींत घरातल्या बायकांनी या शिकण्यावरून त्यांना किती बोलून घेतलं, तेही आहे. घरच्या शाळेला फी नसते, टोमणे असतात.

पहिला विषय वाचन. सूनबाई बार्शीकडच्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या, हुशार. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत भरल्या बैठकीत त्यांनी एक इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारला आणि कुणीतरी हसलं. तो कुणीतरी आता कुठं असेल ते माहीत नाही, पण त्याच्या हसण्याचा खर्च आम्ही भरला. घरी 'जॉली फोनिक्स' आलं.

ही मूळची इंग्लंडची पद्धत. ए, बी, सी, डी अशी नावं पाठ करायची नाहीत. अक्षरांचे आवाज काढायचे. एकंदर ४२ आवाज. सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहांपासून, कारण एवढ्या सहांतच बरेच छोटे शब्द जुळतात. कल्पना उत्तम आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक आवाजाला हातवारे आहेत. एसला हात सापासारखा वळवत 'स्स्स्स' करायचं. एला दंडावर मुंग्या चढल्यासारखी बोटं नाचवायची. टीला टेनिसचा सामना बघितल्यासारखी मान इकडून तिकडं फिरवत 'ट्, ट्' करायचं.

पहिल्या आठवड्यात अण्णा साखर मागायला आले, तेव्हा सूनबाई आणि नात सोफ्यावर बसून बंद टीव्हीपुढं माना फिरवत होत्या. अण्णा साखर न घेता गेले. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "घरात सगळं बरं आहे नव्हं?"

सापाचा आवाज चिरंजिवांच्या एका ऑनलाइन बैठकीतही गेला. तिकडच्या साहेबाला वाटलं लाइनमध्ये बिघाड आहे. बैठक अर्ध्यातच संपली. चिरंजिवांचं फोनिक्सबद्दलचं मत त्या दिवसापासून बरंच सुधारलं.

आमच्या सौ. यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली आणि सातवीत सुटली, कारण त्यांच्या गावची शाळाच सातवीला संपत होती. त्यामुळे या सापमुंग्यांकडं त्या पदर खोचून, मान हलवत, पण अगदी लक्ष देऊन बघायच्या. दुसऱ्या दिवशी त्या नव्या पेठेत गेल्या आणि अंकलिपी घेऊन आल्या. पातळशी. मुळाक्षरं, बाराखडी, पाढे, वार, महिने, ऋतू, सगळं त्यात. संपूर्ण अभ्यासक्रम रिक्षाभाड्याच्या आत. सूनबाईंच्या संचाचं नुसतं कुरियरसुद्धा एवढ्यात आलं नव्हतं, हे सौ. यांनी बोलून दाखवलं नाही. अंकलिपी फक्त त्या संचाच्या वर नेऊन ठेवली.

अंकलिपीबद्दल मला आदर आहे, तरी एक तक्रार लहानपणापासूनची आहे. अ अननसाचा. आता सोलापूर जिल्ह्यात अननस कुठं आला? इथं पाऊस पडला तर बातमी होते. इथलं फळ डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. शहराला लागून केगावला देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५पासून. पण ड अजून डमरूचाच. सोलापूरचं पोर जन्मात डमरू वाजवत नाही आणि अननस थेट लग्नाच्या जेवणात बघतं, तोही शिऱ्यात. आणि बाणाचा ण तर मला नेहमीच बिचारा वाटत आलाय. त्याच्यावरून एक शब्द सुरू होत नाही. बाणाच्या शेवटच्या डब्यात बसून तो चित्रात आलेला आहे.

मराठी लिपीत अक्षर आणि आवाज जवळजवळ एकच, तेव्हा मराठी वाचनाच्या पद्धतीवरून तरी भांडण होणार नाही, असं मला वाटलं होतं. पण भांडायला क्रम होता. सौ. अ आ इ ईच्या बाजूच्या. मी ग म भ नचा, म्हणजे वळणानं एकमेकांसारखी अक्षरं जवळ घेणारा. चिरंजिवांनी तिसराच पंथ काढला. थोडी अक्षरं आणि एखादा काना एवढं आलं की लगेच अर्थ असलेले शब्द वाचायला द्यायचे, सगळी बाराखडी होईपर्यंत मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. त्यासाठी त्यांनी फलटणचा दाखला दिला. मूळच्या अमेरिकेच्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला राहून, प्रगत शिक्षण संस्था काढून, मराठी मुलांना लिहा-वाचायला कसं शिकवावं याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. सौ. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अमेरिकेची बाई फलटणला येऊन मराठी शिकवती, आणि आपण बार्शीची सून आणून विलायती साप काढायलाव."

यावर चिरंजीव काय बोलणार? त्यांनी गणिताचा विषय काढला.

गणितात चिरंजिवांची जखम एकोणसाठची आहे. तिसरीत मास्तरांनी त्यांना एकोणसाठ लिहायला सांगितलं आणि त्यांनी ६९ लिहिलं. साठ ऐकू आल्यावर पोरानं सहाच लिहावा, यात त्याचा काय दोष? पण कानाखाली बसली. तेव्हापासून पाठांतर या गोष्टीवर त्यांचा राग आहे. म्हणून त्यांनी सिंगापूरचं गणित निवडलं. सिंगापूरवाल्यांचं म्हणणं असं, की आधी वस्तू हातात द्या, मग चित्र काढा, आणि आकडे सगळ्यात शेवटी. गणितात राम आणि श्यामकडे किती आंबे आहेत ते आधी लांब-आखूड पट्ट्या काढून दाखवायचं. पट्टी बघितली की कुणाकडं किती जास्त ते मुलाला दिसतं. मला पद्धत पटली. फक्त रंगीत ठोकळे यायला उशीर लागला, म्हणून मधल्या काळात शेंगदाणे घेतले. बेरीज हळूहळू चालली. वजाबाकीत नात पहिल्याच दिवशी पटाईत निघाली.

पण एकोणसाठचा प्रश्न सिंगापूरला माहीतच नाही. तो अस्सल आपला. आणि त्यावरून या महाराष्ट्रात केवढं रण माजलं होतं! २०१९च्या जूनमध्ये 'बालभारती'चं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीससोबत 'वीस एक', त्रेसष्टसोबत 'साठ तीन' असं वाचन दिलेलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, की आपण लिहितो २१, म्हणजे आधी दोन आणि मग एक, पण बोलतो आधी एक आणि मग वीस. त्यात जोडाक्षरांचा जाच. लहान मुलं इथं अडखळतात. जुनी नावं कुणी काढून घेतलेली नाहीत. ऐकतो कोण! भाषा बुडाली, संस्कृती गेली, असा धुरळा उडाला. विधानसभेतसुद्धा मुख्यमंत्र्यांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, इथपर्यंत गाडी गेली. राज्यातल्या प्रत्येक प्रौढ माणसानं आपण लहानपणी सोसलेलं जपण्यासाठी कंबर कसली होती. मीही त्यात होतो. आम्हाला त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर येईपर्यंत छड्या बसल्या, आणि यांना साठ तीन?

सोलापुरात मात्र अर्ध्या गावाला या भांडणाचा पत्ताच लागला नाही. आमच्या मागच्या बाजूला पद्मशाली अक्का राहतात. त्यांच्या तेलुगूत २१ म्हणजे 'इरवै ओकटि', वीस एक. अण्णांच्या कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु', तेही वीस एकच. मी अण्णांना तो सगळा वाद सविस्तर सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "आमच्यात आजापासनं हेच म्हणतेत की. त्याला समिती कशाला लागती?"

नात अक्कांकडं आणि अण्णांकडं सारखी पडून असते. त्यामुळे ती ५९ला मराठीत अडते, मग मनात तेलुगूत पन्नास नऊ करून घेते आणि लिहिते बरोबर. ही युक्ती सिंगापूरच्या पुस्तकात नाही, अंकलिपीत नाही. चिरंजिवांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. एवढ्या जवळ अक्का असताना आपण तिसरीत मार का खाल्ला, याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

आता माझं. माझ्याकडं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी एवढी अपूर्णांकांच्या पाढ्यांची इस्टेट आहे आणि वारस नाही. औट म्हणजे साडेतीन, हेही आता सांगावं लागतं. देशात १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, आणे-पै गेले, पाठोपाठ शेर-मण गेले. मी शाळेत जाऊ लागलो तोवर हे सगळं होऊन गेलं होतं, पण बातमी आमच्या मास्तरांपर्यंत पोचली नव्हती. त्यांनी सगळ्या सांगोपांग म्हणवून घेतल्या. त्यानंतर बँकेत सगळा जन्म गेला, पण औटकीचा उपयोग करायची वेळ एकदाही आली नाही. तेव्हा ती निदान नातीला द्यावी, अशी माझी साधी इच्छा होती. चौघांच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला. अनुमोदक मिळाला नाही.

अबॅकसचा विचार थोडा वेळ झाला, कारण आमच्या रस्त्यावर दर तिसऱ्या विजेच्या खांबावर त्याची पाटी आहे. वैदिक गणिताचाही झाला. त्याचं मूळ पुस्तक १९६५ साली छापलं गेलं हे कळल्यावर सौ. म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापेक्षा थोडंच मोठं."

सगळ्यात शेवटी 'बालभारती'ची पुस्तकं आली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी तीच यायला हवी होती. स्वस्त, साधी, माहितीतली. इकडून तिकडून जमा केली, त्यामुळे त्यात सगळे प्रयोग एकत्र सापडले. २०२३-२४ला दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून पुस्तकांचे चार भाग केले आणि आतच वहीची कोरी पानं बांधली. २०२५मध्ये ती पानं पुन्हा काढली. आमच्याकडं पानंवाला भाग आहे. नातीला सगळ्यात जास्त आवडलेला अभ्यासक्रम हाच. त्या कोऱ्या पानांवर तिनं मांजरं काढलीत.

या पुस्तकांवर क्यूआर कोड असतो, त्याचा मात्र आम्हाला जिल्हाभिमान. पाठ्यपुस्तकाला कोड जोडण्याचा खटाटोप रणजितसिंह डिसले गुरुजींनी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत केला, आणि २०२०मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. आमच्या घरात या कोडचा परिणाम असा झाला, की नात दिसेल तो चौकोन स्कॅन करू लागली. किराणा दुकानातलाही. फोन विचारतो, किती रुपये? ती मला विचारते, "आजोबा, किती टाकू?" एकदा दुकानदारानं पंचावन्न सांगितले आणि मी तिचा हात वेळेवर धरला म्हणून पाचशे पाच गेले नाहीत. दशकाच्या आणि शतकाच्या घराचं महत्त्व तिला त्या दिवशी कळलं असेल-नसेल, मला पुरतं कळलं.

अभ्यासक्रम निवडणं एक आणि चालवणं वेगळं. फ्रिजवर वेळापत्रक लागलं. नऊ ते साडेनऊ फोनिक्स, मग सिंगापूर, मग मराठी, मग 'मुक्त खेळ'. नऊला सूनबाईंची बैठक लागते. मग फोनिक्स माझ्याकडं येतं. मला साप जमतो, मुंग्या जमत नाहीत. साडेनऊला सिंगापूर असतं, पण चिरंजीव फोनवर असतात, तेव्हा ते सौ. यांच्याकडं जातं आणि भाकरीबरोबर चालतं. राम-श्यामच्या पट्ट्या पोळपाटावरच्या पिठात काढल्या जातात. मग मराठी, ते कुणाकडंच नसतं, म्हणून अक्कांकडं, म्हणजे तेलुगूत. वेळापत्रकातली मुक्त खेळ ही एकच ओळ आजवर काटेकोर पाळली गेली.

घराची शाळा करायची म्हणजे काय, हे सोलापुरानं एकदा बघितलेलं आहे. २०२०मध्ये शाळांना कुलपं लागली, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही सरकारची घोषणा झाली. नीलमनगर ही यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती. घरात फोन एक, तोही बापाबरोबर कामावर. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या अडीचशे-तीनशे घरांच्या बाहेरच्या भिंती धड्यांनी रंगवून काढल्या. अक्षरं, वाक्यरचना, सूत्रं, पहिलीपासून दहावीपर्यंतचं. पोरं लांब लांब उभी राहून भिंत वाचायची. ज्याच्या घरावर जो धडा आला तो आला. एका घराला काळ, दुसऱ्याला क्षेत्रफळ. पाणी भरायला निघालेल्या बाईलाही येता-जाता सूत्र वाचावं लागत असणार. तिथं कुणी संच मागवला नाही, पद्धत निवडली नाही. आमच्या भिंतीवर कुणी असा धडा काढायला आलं असतं, तर आम्ही चौघांनी त्याला क्रमावरून अडवलं असतं आणि भिंत अजून कोरी असती.

एवढं झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. अभ्यासक्रम कुणी मुलासाठी निवडत नाही. ज्याला जिथं मार बसला, तो तिथलं औषध आणतो आणि घरात दुसरं कुणी आजारी दिसलं नाही की मुलाला पाजतो. सूनबाईंना तो हसणारा माणूस अजून दिसतो, चिरंजिवांना ६९, मला रिकामी पडलेली औटकी. मूल सोशीक असतं, घोट घोट घेतं आणि मांजर काढायला जातं. औषधं तशी वाईट नव्हती. चारही एकदम दिली, एवढंच.

नात वाचते का? वाचते. एसटीच्या पाट्या मराठीत वाचते, दुकानांच्या पाट्या इंग्रजीत, आणि अण्णांच्या घरच्या लग्नपत्रिकेतलं कन्नड वाचता येत नाही म्हणून रडते. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं की घरीच ठेवायचं, यावर दर रविवारी बैठक होते. तिला बाहेर पाठवतात.

तोवर कपाट भरलं आहे. ज्या वाचकांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांनी जरूर कळवावं. सिंगापूरच्या गणिताचे दोन भाग, जवळजवळ कोरे. रंगीत ठोकळ्यांचा डबा, एक ठोकळा कमी, मिळाला तर मागाहून देऊ. अंकलिपी, अननसाचं पान सुटं. 'बालभारती'चे चार भाग, मांजरांसह. निम्म्या किमतीत, पण घेऊन जाण्याची व्यवस्था आपली आपण करावी. औटकी फुकट शिकवली जाईल. फोनिक्सचा संच मात्र मागू नये. तो सौ. यांच्या ताब्यात आहे, त्यांचे निम्मे आवाज झालेत, आणि दुपारी दोन ते तीन त्या कुणाला भेटत नाहीत.